महारचं महाराज करणारं यंत्र

मिरकरवाड्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान आहे. झेरॉक्स, स्कॅन, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म. पाटी एवढीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते ६१ दिवस म्हणजे माझा खरा सीझन. होड्या किनाऱ्याला लागल्या की माणसांना कागद आठवतात. तांडेल येतो, खलाशी येतो, मासळी विकणारी बाई पिशवी काढते. पिशवीत प्लास्टिक, त्या प्लास्टिकात आणखी एक प्लास्टिक, आणि त्याच्या आत चार घड्या घातलेला कागद. घडीवर फाटलेला, खाऱ्या हवेनं पिवळा पडलेला, कसरीनं चाळण केलेला. मी तो काचेवर ठेवतो आणि मशीनचा दिवा त्याच्यावरून फिरतो.

दोस्तहो, त्या दिव्याबद्दल मला चार शब्द बोलायचेत.

सध्या सगळीकडे एकच भजन चालू आहे. कागद स्कॅन करा, पुढचं यंत्र बघून घेईल. चित्र आत टाका, मजकूर बाहेर काढा. शोधा, खोडा, बदला, छापा. ओसीआर म्हणतात त्याला. भजन खोटं नाही. वीस पानांचा छापील जीआर मी दोन मिनिटांत टाईप केलेल्या मजकुरासारखा करून देतो, पूर्वी त्यालाच दोन दिवस लागायचे आणि बोटं सुजायची. छापील, स्वच्छ, सरकारी मराठी असेल तर यंत्र झकास वाचतं.

माझ्या घरचा कागद मात्र त्याला वाचता आला नाही. नुसता वाचता आला नाही असं असतं तरी मी हे लिहीत बसलो नसतो. त्यानं तो सुधारला.

झालं असं. माझ्या पुतणीला नर्सिंगला जायचंय. जातपडताळणी पाहिजे. आम्ही बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जो शब्द आमच्या अंगावरून उतरवला, तो आमच्या घरानं उतरवून फेकला. बरं फेकला. पण बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरायला दिल्लीला १९९० साल उजाडावं लागलं, आणि आजही दाखला पाहिजे असेल तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या कागदावर तोच फेकलेला शब्द शोधून साहेबाच्या टेबलावर आणून ठेवावा लागतो. म्हणजे बघा, जो शब्द विसरायला आपण धर्म बदलला, तो शब्द कागदावर नीट वाचता आला पाहिजे यासाठी आपण रांगेत उभे. हा विनोद ज्याला कळतो त्याला हसू येत नाही.

माझा आजा दोन यत्ता शिकला. १९२९ सालची शाळेची नोंद आहे हे घरात सगळ्यांना तोंडपाठ, कारण आज्यानं मरेपर्यंत ते सांगितलं. शाळेत बाहेर बसवायचे, पण रजिस्टरात आत लिहिलं होतं. ते जुनं दप्तर ज्या कचेरीत आहे तिथं गेलो. कचेरीचं नाव घेत नाही, तिथल्या पोराचीही चूक नव्हती. तो म्हणाला, सगळं स्कॅन झालंय, कॉम्प्युटरवर शोधतो. आज्याचं नाव टाकलं. नोंद नाही. जातीच्या रकान्यात महार टाकलं. त्या गावात, त्या सालात एकही महार नाही. मी म्हटलं, बाबा रे, आमची अख्खी वाडी होती तिथं. तो म्हणाला, नोंद आढळून येत नाही असं लेखी देऊ का?

मी दिवसभर तिथंच ठिय्या मारला. म्हटलं, मला मजकूर नको, पानाचं चित्र दाखव. एकेक पान पुढं सरकवत गेलो. दुपारनंतर आजा सापडला. बोरूनं लिहिलेलं वळणदार अक्षर, शाई जरा पसरलेली. नाव, बिन, बापाचं नाव, जात. सगळं स्पष्ट. माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्याला वाचता येईल इतकं स्पष्ट. मग त्या पोराला म्हटलं, आता या पानाचा तुझा मजकूर काढ. त्यानं काढला. जातीच्या रकान्यात होतं: महाराज.

पणज्याच्या नावाच्या शेवटी नाक आहे. नाव इथं छापत नाही, नाक एवढं पुरे. ते यंत्रानं नाथ केलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर आई डोक्याला हात लावून म्हणाली, "माझ्या सासऱ्याचं नाव खाल्लान की रे त्या मशीननी!" वाडीतला एक पोरगा हसला. म्हणाला, काका, बढती मिळाली तुम्हाला, महारचे महाराज झालात. हसलो मीही. पण बढतीनं दाखला मिळत नाही. महाराज अनुसूचित जातीच्या यादीत नाहीत.

आता कुणी म्हणेल, यंत्राला काय जात कळते? ते नुसतं मोजतं. अहो, तेच म्हणतोय मी. ते मोजतं. काय मोजतं ते बघा.

इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, एकेक उचलून ओळखता येतं. आपली देवनागरी शिरोरेघेला लोंबते. जाळ्याच्या वरच्या दोरीला जाळं लोंबतं तशी. पहिली यंत्रं आधी ती दोरी कापायची, मग खाली पडलेले तुकडे ओळखायची. त्यात काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे, जोडाक्षराची हाडं निराळी. ब आणि व मध्ये एका काडीचा फरक. ध चा घ, भ चा म, थ चा य. जुन्या छपाईतला ख तर र आणि व शेजारी बसल्यासारखाच दिसतो, म्हणून खलाशीचा रवलाशी. आमच्याकडच्या दमट कागदावरचा प्रत्येक डाग त्याला अनुस्वार वाटायचा. पाच ओळींत पन्नास अनुस्वार. अख्खं गाव गेंगाणं.

पुढं पद्धत बदलली. टेसरॅक्ट नावाचं एक फुकट मिळणारं यंत्र आहे, मी तेच वापरतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ पासून दहाएक वर्षं त्याच्यावर काम झालं, मग ते पडून राहिलं, २००५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर उचलत नाही, अख्खी ओळ एका दमात वाचतं. या अक्षरानंतर बहुधा कोणतं येतं याचा अंदाज बांधत वाचतं. मोबाइलमधली आजची यंत्रं तर त्याच्याही पुढची. तिथं अंदाजच जास्त आणि वाचन कमी. हे अंदाज कशावरून बांधायचे? जे मराठी त्यांना दाखवलं त्यावरून. आणि दाखवायला मराठी कुठून आणलं? जे आधीच टाईप झालेलं होतं त्यातून. पेपर, विकिपीडिया, स्तोत्रं, पोवाडे, सरकारी परिपत्रकं. त्या ढिगाऱ्यात महाराज किती वेळा आणि महार किती वेळा, हे तुम्हाला मी सांगायला नको. म-हा-र एवढं दिसलं, पुढं शाईचा एक ओघळ दिसला, की हात आपोआप महाराजांकडे वळतो. शेकडो वर्षं वळतोय. यंत्रानं नवीन काही केलेलं नाही.

म्हणून मला जुनं चुकणारं यंत्र बरं वाटायचं. ते चुकलं की बरळायचं. कंस, रेघा, टिंबं, नुसता उकिरडा. बघणाऱ्याला कळायचं की इथं काहीतरी गडबड आहे, मूळ कागद बघू. नवीन यंत्र चुकलं की शुद्ध मराठीत चुकतं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अर्थ लागतो, वाचणारा पुढं निघून जातो. चूक दिसतच नाही. शुद्धलेखन या शब्दाचा मला शाळेपासून राग आहे, आता कारण सापडलं.

नाक घ्या. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावं स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत एकामागून एक नाक आहेत. गोऱ्या साहेबाला मराठी येत नव्हतं. त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं कोरून घेतलं. त्यानं अंदाज केला नाही म्हणून नाक वाचलं. ज्याला मराठी फार चांगलं येतं तो नाकाचा नाथ करतो.

हे फक्त नावापुरतं नाही. सातारकडचा माझा एक मित्र महार वतनाच्या जमिनीचे जुने कागद घेऊन आला होता. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, पण जमिनीचं भांडण अजून चालू आहे. त्यात एकेक अक्षर म्हणजे एकेक बांध. इनाम वर्ग ६ ब. यंत्रानं वाचलं ६ व. आता ६ व म्हणजे काय? सहा आणि? पुढच्या ओळीत हाडोळा होता, त्याचा डोळा झाला. वर्ग गेला, हाडोळा गेला, राहिली कुणाची तरी साधी जमीन. आणि अशी चूक एकदा सरकारी नोंदीत उतरली तर ती काढायला जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दुरुस्ती. चूक कुणाचीही असो, खेटे आपले.

दोष नुसता यंत्राला देत नाही मी. हे यंत्र मुळात कुणासाठी सुचलं ते बघितलं तर मन भरून येतं. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बर्मिंगहॅममध्ये फुर्निए दाल्ब नावाच्या माणसानं छापील अक्षराचे सूर करून आंधळ्यांना ऐकवायचं यंत्र केलं. १९७६ मध्ये अमेरिकेत कुर्झवाइलनं पान वाचून बोलणारं यंत्र आणलं, तेही आंधळ्यांसाठीच. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी वाचणारा एक साथी, असा तो विचार होता. माझ्या आज्याच्या बापाला डोळे होते आणि अक्षर दिलं नव्हतं. खोताच्या दारात कुळानं अंगठा कशावर उठवला हे त्याला कुणी वाचून दाखवलं नाही. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, १९४९ चा कायदा होईपर्यंत या रत्नागिरीत माणसं न वाचलेल्या कागदावर अंगठे उठवत होती. तेव्हा असं यंत्र असतं तर? विचार येतो. मग दुसरा विचार येतो की ते खोताच्या ओटीवरच असतं.

कारण यंत्र कुणाच्या ओटीवर आहे, हाच सवाल आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायला. मोडी वाचणारे शोधून आणले, उर्दू वाचणारे आणले. पानं स्कॅन झाली, जिल्ह्याजिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढली. माझी हरकत नाही. ज्याची नोंद आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. मी फक्त एवढंच बघितलं की सरकारला घाई असली की माणसं बसवतात, आणि घाई आमची असली की यंत्राकडे बोट दाखवतात. मोडीचंही यंत्र येतंय म्हणा. २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतल्या लोकांनी मोडीच्या चित्रावरून थेट देवनागरी करायचा प्रयोग मांडला, दोन हजारांवर चित्रं जाणकारांकडून तपासून घेऊन. चांगलं काम आहे. मी टाळ्या वाजवतो. पण दप्तरातलं जे पान त्याला दाखवलं जाईल तेच त्याला कळेल, आणि आमची पानं दप्तरात नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत आहेत.

आमचीच असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या बंदरावरची बांधकामं अनधिकृत म्हणून पाडली गेली. काय अधिकृत आणि काय अनधिकृत, यात मी इथं शिरत नाही. पण त्या दिवसांत मुसलमान शेजाऱ्यांच्या पिशव्या माझ्या काचेवर उघडल्या. जुन्या पावत्या, हातानं लिहिलेले करार, कुठं मोडी, कुठं उर्दू, कुठं नुसता शिक्का. यंत्रात टाकलं तर एकही ओळ धड निघेना. एक चाचा म्हणाला, तुझ्या मशीनला वाचता येत नाही म्हणजे हे खोटं का? मी म्हटलं, नाही चाचा, मशीन अडाणी आहे. तो म्हणाला, मग साहेबाला सांग ना तसं.

आता आपल्या पिशवीबद्दल. माझ्या चुलत्याच्या पेटीत सत्तर-ऐंशीच्या काळातल्या आपल्या अनियतकालिकांचा गठ्ठा आहे. सायक्लोस्टाइल केलेले अंक. स्टेन्सिल फाटेपर्यंत काढलेल्या प्रती, मागच्या पानाची शाई पुढच्या पानावर आलेली. चांगला कागद परवडत नव्हता. ते मी यंत्रात घातले. जे बाहेर आलं ते वाचून रडू येईल. शिव्या तेवढ्या सगळ्या गायब, कारण शिव्या त्याच्या यादीत नाहीत. गावरान क्रियापदं गोरीगोमटी होऊन आली. एका कवितेतला बाप वडील होऊन आला. शपथ! ज्या भाषेसाठी त्या पोरांनी प्रस्थापितांशी भांडण मांडलं, ती भाषा यंत्रानं एका झटक्यात अंघोळ घालून, गंध लावून परत दिली.

आणि जे शोधता येत नाही ते आजच्या जगात नसल्यातच जमा आहे. कॉलेजातला पोरगा आता ग्रंथालयात जात नाही, शब्द टाकतो आणि जे येईल ते वाचतो. कोलंबिया विद्यापीठानं बाबासाहेबांचं जातिनिर्मूलनावरचं इंग्रजी भाषण नीट मजकूर करून ठेवलंय, पाहिजे ती ओळ तत्काळ सापडते. मराठी बाबासाहेब शोधायला गेलो की माझ्या हाती बहुतेक वेळा पानाचा फोटो येतो. ३१ जानेवारी १९२० चा मूकनायक, ३ एप्रिल १९२७ चा बहिष्कृत भारत. ज्या मराठीत ते आपल्या माणसांशी तावातावानं बोलले ती मराठी चित्र होऊन बसलीय. फोटोला हार घालता येतो, फोटोत शब्द शोधता येत नाही. आपल्याला हाराची सवय फार.

मग काय करायचं? यंत्र फेकून द्यायचं? नाही. मी यंत्रावर पोट भरतो आणि मला ते आवडतं. पण त्याला एकट्याला सोडायचं नाही. मराठी विकिस्रोतावर एक चांगली रीत आहे. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं काढलेला मजकूर. माणसानं ताडून दुरुस्त करेपर्यंत पान लाल. एकानं तपासलं की पिवळं. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतःचंच पान स्वतः हिरवं करता येत नाही. आपण हीच रीत घेऊ. मजकुराबरोबर चित्र गेलंच पाहिजे, कचेरीतसुद्धा. नुसत्या मजकुरात शोधून नोंद आढळत नाही असं कुणी लिहून देत असेल तर आधी पान दाखव म्हणा. ओरडून म्हणा.

आणि एक वही घातलीय मी. या यंत्रांना आपल्या शब्दांची यादी देता येते. ओळीचं चित्र आणि त्याच्याखाली माणसानं तपासलेला मजकूर अशा जोड्या पुरेशा दिल्या तर ते शिकतंही. तर शिकवू की! आपल्याला शिकवायला कुणी तयार नव्हतं, आपण यंत्राला शिकवू. रविवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून चारपाच जण बसतो. एक वाचतो, एक ताडतो. जुनी माणसं आली तर फार बरं, कारण अर्धे शब्द आम्हालाच कळत नाहीत. आई सध्या मुख्य पंडित आहे. तिला लिहिता येत नाही, पण चुकलेला शब्द कानावर पडला की ती थांबवते.

एक सांगून ठेवतो. जातीचे, जमिनीचे कागद मोबाइलमधल्या कुठल्याही फुकट ॲपात टाकू नका. तो फोटो कुणाच्या कॉम्प्युटरवर जाऊन पडतो ते तुम्हाला मला कळत नाही. यंत्र आपल्याच टेबलावर चालतं, नेट बंद करूनसुद्धा. कागद घेऊन या, तुमच्यासमोर स्कॅन करू, कागद तुमच्या हातात परत. पैसे पडणार नाहीत. अंकांचे गठ्ठे असतील तर पेटीसकट आणा, कसर झटकून देऊ.

पुतणीचा अर्ज पानाचं चित्र जोडून पुन्हा दिलाय. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

गेल्या रविवारी सातारकरच्या कागदांत येसकरपाळी हा शब्द आला. यंत्रानं वाचलं, येस करपली. आई म्हणाली, कोण करपली? मग आम्ही हसत बसलो, आणि वहीत लिहून घेतला.